स्वतःला दिलेले गुण 104, खरे गुण उणे 142 : संरक्षण कंत्राटदार आणि सायबर सुरक्षेचा धडा



विषय वाचून तुम्ही म्हणाल, "सर, हिंगोलीत बसून संरक्षण कंत्राटदारांचं आपल्याला काय घेणंदेणं? आपल्याकडे हळद आहे, सोयाबीन आहे. तोफा कुठे बनतात इथं?" प्रश्न रास्त आहे. तोफा इथं बनत नाहीत. पण आपली लेकरं कुठे जातात ते बघा. दहावी-बारावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निक करून भोसरी, चाकण, वाळूज, बुटीबोरी इथल्या वर्कशॉपमध्ये लागतात. तिथे सीएनसी मशीनवर आज ट्रॅक्टरचा भाग कापला जातो, उद्या तोफेचा. आपल्या राज्यात खडकी, देहूरोड, अंबाझरी, भंडारा, भद्रावती, वरणगाव, भुसावळ, अंबरनाथ अशा ठिकाणी आयुध निर्माणी आहेत. 1 ऑक्टोबर 2021 रोजी देशातल्या 41 आयुध निर्माणींच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात आणि यंत्र इंडियाचं नागपूरला आहे. अशा मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे अनेक छोटे उद्योजक असतात. त्यांच्याकडे काम करणारा पोरगा आपल्या वर्गातून गेलेला असू शकतो.

म्हणून आज हा धडा समजून घेऊ. तो फक्त कॉम्प्युटरवाल्यांसाठी आहे असं समजू नका. त्यातला अर्धा भाग तर आपण शिक्षक रोजच जगतो. चला तर मग, सुरुवात करूया.

1) संकल्पना : अनुपालन म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला कॉम्प्लायन्स म्हणतात त्याला मराठीत अनुपालन म्हणतात. हा शब्द आपल्याला नवा नाही. शाळा तपासणी झाली की शेऱ्यांवर 'अनुपालन अहवाल' मागतात. काय सांगितलं होतं, काय केलं आणि केल्याचा पुरावा काय, या तीन गोष्टी त्यात याव्या लागतात.

संरक्षण खात्याचं काम घेणाऱ्या कंपनीलाही हेच करावं लागतं. शस्त्राचा नकाशा, सुट्या भागाचं माप, धातूचं मिश्रण, किती नग कधी पाठवायचे याचं वेळापत्रक ही सगळी माहिती तिच्या कॉम्प्युटरवर येते. ती कोण उघडतो, कुठे साठवतो, कोणाला पाठवतो, चोरी झाली तर किती वेळात कळवतो याचे नियम ठरलेले असतात. ते पाळायचे आणि पाळल्याचं दाखवूनही द्यायचं. नुसतं पाळून भागत नाही आणि नुसतं दाखवून तर अजिबातच नाही.

2) ओळखीचं उदाहरण : प्रश्नपत्रिकेचं पाकीट

दहावी-बारावीच्या परीक्षेचं काम केलेल्यांना हे लगेच कळेल. प्रश्नपत्रिका परिरक्षक केंद्रात कुलपात असतात. तिथून रनर ठरलेल्या वेळी सीलबंद पाकीट घेऊन निघतो. केंद्रावर पोचला की सही, वेळ, सील शाबूत असल्याची खात्री. पाकीट ठरलेल्या वेळेआधी कोणी उघडायचं नाही. का एवढं? कारण पेपर कुठेही फुटला तरी तो सगळ्यांसाठी फुटतो. परिरक्षक केंद्राचं कुलूप कितीही भक्कम असो, रस्त्यात एकाने मोबाईलवर फोटो काढला की संपलं.

आता आणखी एक बारकावा पाहा. प्रश्नपत्रिका हे काही 'अतिगोपनीय' शिक्का मारलेलं लष्करी रहस्य नाही. तरीही ती ठरावीक हातांतूनच गेली पाहिजे. संरक्षण उद्योगातही अशी मधली माहिती असते. तिच्यावर गुपिताचा शिक्का नसतो, पण ती चव्हाट्यावरही येऊ द्यायची नसते. एकेका भागाचं माप किरकोळ वाटतं. शंभर भागांची मापं एकत्र आली की मात्र शत्रूच्या हाती अख्खं यंत्र पडतं. छोट्या पुरवठादाराकडे सहसा हीच माहिती असते, आणि "आपल्याकडे काय गुपित आहे?" असं तो म्हणतो तेही यामुळेच.

3) साखळी कुठे तुटते? दोन खऱ्या घटना

पहिली घटना ऑस्ट्रेलियातली, 2016 ची. सुमारे 50 माणसांची एक छोटी अभियांत्रिकी कंपनी. मुख्य कंत्राटदाराखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा, अशा उतरंडीत ती चौथ्या पायरीवर होती. कॉम्प्युटरची सगळी व्यवस्था पाहायला एकच माणूस आणि तोही नऊ महिन्यांपूर्वी लागलेला. एका सॉफ्टवेअरमधली त्रुटी बुजवायची दुरुस्ती वर्षभर आधी आली होती, पण ती बसवलेली नव्हती. काही ठिकाणी तर युजरनेम 'ॲडमिन' आणि पासवर्डही 'ॲडमिन' असाच होता. चोर आत शिरला आणि सुमारे 30 जीबी माहिती घेऊन गेला. त्यात एफ-35 लढाऊ विमान, पी-8 गस्ती विमान, सी-130 मालवाहू विमान आणि नौदलाच्या जहाजांची माहिती होती. ही माहितीसुद्धा त्या मधल्या प्रकारातलीच, गुपिताचा शिक्का नसलेली. ऑस्ट्रेलियाच्या अधिकाऱ्यांनी 2017 मध्ये हे जाहीरपणे सांगितलं.

यातून काय दिसतं? अब्जावधी डॉलर खर्चून बनणाऱ्या विमानाची माहिती विमान बनवणाऱ्या कंपनीच्या तिजोरीतून गेली नाही. ती गेली चौथ्या पायरीवरच्या एका ढिल्या कडीतून.

दुसरी घटना आपल्या नागपूरची. ब्रह्मोस क्षेपणास्त्राच्या तिथल्या केंद्रात काम करणाऱ्या एका तरुण अभियंत्याला ऑक्टोबर 2018 मध्ये अटक झाली. समाजमाध्यमावरच्या खोट्या नावांच्या खात्यांशी त्याचा संपर्क आला होता आणि कार्यालयीन स्वरूपाच्या फाइली त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर सापडल्या. जून 2024 मध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. पुढे डिसेंबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरीच्या गंभीर आरोपांतून त्याची सुटका केली. पण शासकीय गुपिते अधिनियम 1923 खालचा एक दोष कायम ठेवला : माहितीची पुरेशी काळजी न घेतल्याचा. त्याची शिक्षा तीन वर्षं.

पालकांनो, हा भाग दोनदा वाचा. त्या तरुणाने देश विकला, असं शेवटी सिद्ध झालं नाही. पण हाती असलेली माहिती नीट न सांभाळणं हाच कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरला, आणि त्यात ऐन उमेदीची वर्षं गेली. "मी कुठे कोणाला काय दिलं?" हे उत्तर पुरेसं नसतं.

4) नियम कसे असतात?

आपल्या देशात संरक्षण उत्पादन विभागाने 2014 मध्ये खासगी परवानाधारक कारखान्यांसाठी सुरक्षा पुस्तिका काढली. काम किती संवेदनशील आहे त्यानुसार कारखान्यांचे ए, बी, सी असे तीन वर्ग केले. फाटकावरच्या पहाऱ्यापासून कॉम्प्युटरपर्यंतच्या गोष्टी त्यात येतात. याशिवाय सायबर घटना हाताळणारी आपली राष्ट्रीय संस्था म्हणजे सर्ट-इन. तिने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते. कॉम्प्युटरवर कोण केव्हा आलं-गेलं याच्या नोंदी 180 दिवस जपून ठेवाव्या लागतात. एवढंच नाही, सगळ्या यंत्रांची घड्याळंही जुळलेली असावी लागतात. आहे ना हजेरीपटासारखं? नोंद आणि वेळ जुळली नाही तर कोण केव्हा आला होता हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

अमेरिकेची पद्धत आणखी काटेकोर आहे, आणि तिचा संबंध आपल्याशीही येतो. आपल्या शेजारच्या हैदराबादेत टाटा-बोइंगच्या कारखान्यात अपाची हेलिकॉप्टरचे सांगाडे बनतात. अमेरिकी संरक्षण खात्याच्या कामाची संवेदनशील माहिती ज्या पुरवठादाराच्या हाती येते, त्याला त्यांचे नियम लागतात, मग तो कोणत्याही देशातला असो. या पद्धतीचं नाव सीएमएमसी. 10 नोव्हेंबर 2025 पासून ती टप्प्याटप्प्याने कंत्राटांमध्ये घातली जात आहे. तिच्या तीन पायऱ्या अशा :

पहिली पायरी : साध्या माहितीसाठी 15 मूलभूत नियम. कंपनीने दरवर्षी स्वतःच तपासायचे आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने सही करून तसं कळवायचं.

दुसरी पायरी : मघाशी सांगितलेल्या मधल्या माहितीसाठी 110 नियम, 14 गटांत विभागलेले. काही कामांना स्वयंमूल्यमापन चालतं, बाकीच्यांना दर तीन वर्षांनी बाहेरचे मान्यताप्राप्त परीक्षक येऊन तपासतात.

तिसरी पायरी : सगळ्यात नाजूक कामांसाठी आणखी 24 नियम. इथे तपासायला सरकारी पथक येतं.

14 गटांची नावं वाचून घाबरायचं कारण नाही. प्रत्येकाला कामापुरताच प्रवेश, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, ये-जा केल्याच्या नोंदी, पेन ड्राइव्हसारख्या वस्तूंचा हिशेब, खोलीला कुलूप, नोकरी सोडून गेलेल्याचा पासवर्ड बंद करणं, चोरी झाल्यास काय करायचं याची रंगीत तालीम. सगळा साधा, घरगुती शहाणपणा आहे. अवघड आहे ते एकच : रोज, न कंटाळता, सगळ्यांनी पाळणं.

5) गुणदान : इथे शिक्षकांचे कान टवकारतील

110 नियमांच्या या पेपरची तपासणी मोठी मजेशीर आहे. आपण शून्यापासून सुरू करून गुण देत जातो. इथे आधी पूर्ण 110 गुण द्यायचे आणि न पाळलेल्या नियमासाठी त्याच्या महत्त्वानुसार 5, 3 किंवा 1 गुण कापायचा. सगळंच चुकलं तर गुण उणे 203 पर्यंत खाली जातात! शिवाय कंपनीकडे सुरक्षेचा लेखी आराखडा नसेल तर पेपर तपासायलाच घेत नाहीत.

दुसऱ्या पायरीवर 88 गुण मिळाले तर तात्पुरतं उत्तीर्ण करतात. उरलेल्या त्रुटी 180 दिवसांत भरून काढायच्या. पॉलिटेक्निकच्या पोरांना हे लगेच समजेल, ही एक प्रकारची एटीकेटीच. मात्र काही महत्त्वाचे विषय एटीकेटीत चालत नाहीत. ते आधीच सुटलेले असावे लागतात.

आता शीर्षकातल्या आकड्यांकडे येऊ. मॉर्सकॉर्प नावाची एक अमेरिकी कंपनी. तिथल्या लष्कराची आणि हवाई दलाची कामं करणारी. जानेवारी 2021 मध्ये तिने स्वतःला गुण दिले 104. म्हणजे 110 पैकी 104, जवळजवळ पहिला नंबर. जुलै 2022 मध्ये तिनेच नेमलेल्या बाहेरच्या सल्लागाराने तपासलं, तर गुण भरले उणे 142. कंपनीने हा खरा आकडा सरकारला लगेच कळवला का? नाही. तो दुरुस्त झाला जून 2023 मध्ये, आणि तेही सरकारी चौकशीचं समन्स येऊन गेल्यावर. आतल्याच एका माणसाने तक्रार केली होती. मार्च 2025 मध्ये कंपनीने 46 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

यातला महत्त्वाचा मुद्दा सुटू देऊ नका. कंपनी फक्त कच्ची होती म्हणून अडचणीत आली नाही. कच्ची असताना पक्की असल्याचं लिहून देणं आणि कळल्यावरही ते तसंच ठेवणं, हे तिला महागात पडलं. उणे 142 गुण असलेल्या कंपनीला मदत करता येते, शिकवता येतं. पण 104 लिहिलेल्या कंपनीकडे कोण वळून बघणार? सगळे समजतात इथं सुरक्षित आहे, आणि नकाशे बिनधास्त तिच्याकडे पाठवत राहतात.

6) कागद रंगवणं आणि काम करणं

आपल्याला हा आजार अनोळखी नाही. आपणही शाळेचं स्वयंमूल्यमापन भरतो, माहिती ऑनलाइन चढवतो. रकाना आला की 'होय' वर टिक करायचा मोह कोणाला होत नाही? अग्निशमन सिलिंडर आहे का? होय. भरलेलं आहे का? होय. वापरता कोणाला येतं का? हा प्रश्न फॉर्मवर नसतो, म्हणून तो आपणही विचारत नाही.

'होय' लिहिल्याने कागद पूर्ण होतो. पण आग लागली की ती कागद वाचत नाही. तसंच चोर कंपनीचं प्रमाणपत्र वाचत नाही, तो कुठलं दार उघडं आहे ते बघतो.

वाचताना कोणी म्हणेल, "छोट्या उद्योजकाला एवढं परवडतं का? चार मशीनं, दहा माणसं, बँकेचा हप्ता. त्यात 110 नियम!" ही तक्रार खोटी नाही. नियम पाळायला पैसा लागतो, माणूस लागतो आणि छोट्याला तो ताण जास्त बसतो. पण त्यावरचा मार्ग खोटी टिक हा नाही. कमी माहिती घेणं हा मार्ग आहे. ज्या मशीनला नकाशा लागतो तिथेच तो ठेवायचा, बाकीच्या कॉम्प्युटरवर येऊच द्यायचा नाही. मग राखायचा वाडा लहान होतो. दुसरा मार्ग म्हणजे वरच्या कंपनीला स्पष्ट सांगणं, "साहेब, एवढं झालंय, एवढं बाकी आहे, अमुक तारखेपर्यंत करतो." पद्धतीतच 180 दिवसांची मुदत आहे, ती अशा प्रामाणिक माणसासाठीच.

7) वर्गात कसं शिकवाल?

प्राथमिकच्या मुलांना सीएमएमसी सांगायची गरज नाही. पण त्यामागची सवय नक्की लावता येते. काही उपक्रम देतो :

*उपक्रम 1 : हिरकणीचा बुरूज.* रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले आणि घरी तान्ह्या बाळासाठी हिरकणी कडा उतरून गेली, ही गोष्ट मुलांना माहीत असते. गोष्ट सांगून विचारा : महाराजांनी तिला शिक्षा का केली नाही? मग तिथे बुरूज का बांधला? मुलं बरोबर उत्तर देतात. जी वाट हिरकणीला सापडली ती शत्रूलाही सापडली असती. कच्ची जागा कळली की कळवणाऱ्याचा सन्मान करायचा आणि जागा बुजवायची. सायबर सुरक्षेचा हा गाभा आहे.

*उपक्रम 2 : चिठ्ठीची साखळी.* बंद पाकिटात चिठ्ठी ठेवून ती दहा मुलांच्या हातून पाठवा. प्रत्येकाने वहीत वेळ आणि सही करायची. एका मुलाला आधीच सांगून सही चुकवायला लावा. शेवटी पाकीट उघडलेलं निघालं तर ते कोणाकडे उघडलं असेल, हे नोंदींवरून शोधायला सांगा. नोंद नसेल तर निष्पाप मुलावरही संशय येतो, हे त्यांना आपोआप कळतं.

*उपक्रम 3 : स्वतःला गुण द्या.* दप्तर, नखं, गृहपाठ अशा दहा गोष्टींचे गुण मुलांनी स्वतःला द्यायचे. मग जोडीदाराने तपासायचं. ज्याच्या दोन आकड्यांत सगळ्यात कमी फरक त्याला टाळ्या, गुण कमी असले तरी! हा उपक्रम महिन्यातून एकदा घ्या. मुलं हळूहळू खरं लिहायला लागतात.

आणि आपल्या पातळीवर? विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे मोबाईल नंबर आपल्याकडे असतात. ती आपली 'मधली माहिती'. आधारचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर मागू नका. शाळेच्या पोर्टलचा पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका. नेट कॅफेत काम झालं की लॉगआऊट करा आणि डाउनलोड झालेली फाइल पुसून टाका. पालकांनी मुलांना एवढंच सांगावं : अनोळखी माणूस नोकरीचं आमिष दाखवून ॲप टाकायला सांगत असेल तर टाकायचं नाही. पैशाची फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच 1930 या क्रमांकावर कळवायचं.

8) सरावासाठी प्रश्न

1. चौथ्या पायरीवरच्या कंपनीला पहिल्या पायरीइतकीच काळजी का घ्यावी लागते?
2. 'गुपित नाही, पण उघडही नाही' अशी तुमच्या घरातली तीन उदाहरणं लिहा.
3. उणे 142 गुण खरे सांगणारा आणि 104 गुण खोटे सांगणारा, यांपैकी तुम्ही काम कोणाला द्याल? का?

तिसऱ्या प्रश्नावर वर्गात वाद होऊ द्या. काही मुलं म्हणतील, दोघांनाही देणार नाही. ते उत्तरही बरोबरच धरा आणि पुढे विचारा, "मग सुधारायची संधी कोणाला द्याल?"

उद्या आपला एखादा विद्यार्थी कुठल्याशा वर्कशॉपमध्ये एका फॉर्मसमोर बसेल. समोर रकाना असेल, मालक म्हणेल, "टाक होय, कोण बघतंय?" तेव्हा त्याला 110 नियम आठवणार नाहीत. तिसरी-चौथीत स्वतःला दिलेले खरे गुण आठवले तरी पुष्कळ झालं.

उपक्रम वर्गात घेतलेत तर मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा.